अर्धी प्रार्थना

आई गेली त्या वर्षी आमच्या घरात चूल रोज पेटत नव्हती. बाप सोलापूरच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनांचे बॉयलर धुवायच्या कामावर. पाळी सकाळची असो की दुपारची, निघताना तो मला आणि धाकट्या फिलिपला खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा, कारण समोरच रूळ होते आणि फिलिपला इंजिनाचं वेड. आत तांब्याभर पाणी आणि फडक्यात गुंडाळलेली कालची भाकरी. ती बापानेच थापलेली असायची, मध्ये करपलेली आणि कडेला कच्ची. करपलेलं मी खायची, कच्चं पाण्यात भिजवून फिलिपला. माझ्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा बापाने शेडमधून रॉकेल आणून चोळलं, आणि माझी आग आग झाली तसा तोच भिंतीकडे तोंड करून रडत बसला.

हे सांगायला मला लाज वाटत नाही. पुढे मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि हे मी चारचौघांत मान वर करून सांगते. पण मी निघाले त्या कडी लावलेल्या खोलीतून, आणि ती कडी काढली एस्तेरबाईंनी.

एस्तेरबाई मिशनच्या शाळेत बिगरीच्या वर्गावर होत्या. मंगळवेढ्याकडच्या एका उपदेशकाची मुलगी, तिशी ओलांडलेली, लग्न राहून गेलेली. आमच्या चाळीवरून त्यांची शाळेची वाट. एके दिवशी फिलिपचा हात खिडकीच्या गजातून बाहेर लोंबताना त्यांनी पाहिला आणि कडी काढून सरळ आत आल्या. संध्याकाळी बाप आला तर त्या दारातच बसलेल्या.

"तुमचीच का ही पोरं?"

"व्हय बाई."

"मग कोंडता कशाला? शेरडं सुदीक दिवसा मोकळी सोडत्यात लोकं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांच्या वर्गात बसू लागलो. वर्षभराने त्या आमच्या घरी आल्या, बापाची दुसरी बायको म्हणून.

आता इथे एक गोष्ट उघड करून सांगायला हवी, कारण हिंदू मैत्रिणींना ती कधी समजत नाही. आम्हीही ख्रिस्ती, बाईही ख्रिस्ती. पण आम्ही कॅथलिक आणि बाई मिशनच्या मंडळीतल्या, म्हणजे प्रोटेस्टंट. आमच्याकडे जपमाळ, मिस्सा म्हणजे देवळातली उपासना, आणि येशूच्या आईला, मारियेला विनवणी. त्यांच्याकडे बायबल आणि गायनं. येशूखेरीज कुणापुढे विनवणी नाही. स्टेशनच्या एका अंगाला आमचं देऊळ, दुसऱ्या अंगाला त्यांचं, आणि त्या काळी एका दारात वाढलेला माणूस दुसऱ्या दाराची पायरी चढत नसे.

म्हणून ते लग्न वेदीपुढे झालं नाही. फादरांच्या झग्यांची एक खोली होती देवळामागे. तिथे कपाटं आणि मेणबत्त्यांची खोकी यांच्यामध्ये दोघांना उभं केलं. गाणं नाही, फूल नाही. बाईंच्या मंडळीतलं कुणी आलं नाही. आमच्याकडून लाझरसकाका, बापाचा भाऊ. तोही तोंड वाकडं करून. लग्नाआधी फादरांनी बाईंकडून शब्द घेतला: या घरातली मुलं, असलेली आणि होणारी, कॅथलिक म्हणूनच वाढवीन.

बाईंनी एवढंच विचारलं, "आणि माझं?"

फादर परदेशी. त्यांचं मराठी पुस्तकातलं. ते म्हणाले, "बाई, तुमचे तुमच्याकडे राहील."

ते वाक्य बाईंनी जन्मभर वापरलं. आम्ही काहीही विचारलं, मारियेबद्दल, संतांबद्दल, मेल्यावर माणूस कुठे जातो याबद्दल, तर त्या आमच्या पुस्तकातलं उत्तर देत. मग फिलिप विचारी, "आणि तुमच्याकडं?"

"माझ्याकडचं माझ्याकडं. तू तुझं सांग."

आई म्हणू दिलं नाही त्यांनी. पहिल्याच आठवड्यात मी लाडात येऊन म्हटलं, तर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आई एकच असती गं. ती तुला हाय. मला बाईच म्हण." तेव्हापासून शेवटपर्यंत बाईच.

उंच, हाडकुळ्या, लांब बाह्यांचं पोलकं आणि त्याच्या गळ्यापाशी लावलेल्या तीन-चार पिना. त्या पिनांनी त्या काटा काढत, नाडी ओवत, आणि फिलिपने नाक टोकरलं तर पीन नुसती दाखवत. मिशनच्या पाळकसाहेबांपुढे अगदी शुद्ध बोलत आणि घरात शिरल्या की मंगळवेढं सुरू. आणखी एक सवय होती, तिचा अर्थ मला उशिरा लागला. स्वतःच्याच घरात येताना त्या उंबऱ्यावर थांबून खाकरायच्या, पाहुण्यासारख्या. बाप हसायचा, "अगं, ये की आत, कुणाची वाट बघतीस?" त्या हसून आत यायच्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खाकरणं आहेच.

बाप त्यानंतर फार वर्षं राहिला नाही. शेडमध्ये वाफेने भाजला. दवाखान्यात बाई उशाशी बसलेल्या, आम्ही पायाशी. त्याने ओठ हलवले, "पोरांचं…"

"दिलाय की शब्द," बाई म्हणाल्या. "कितीदा देऊ? गप पडा."

तो गप पडला.

माती दिली त्याच संध्याकाळी लाझरसकाका फादरांना घेऊन घरी आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. प्रोटेस्टंट बाईच्या हाती कॅथलिक पोरं ठेवायची नाहीत. पुण्याला फादर लोकांचं अनाथ मुलांचं बोर्डिंग आहे, तिथे पाठवायची. काका वाईट माणूस नव्हता. भावाची पोरं हातची जातील ही त्याची खरी भीती होती.

"तुझा शब्द बी सुटंल, वहिनी," तो म्हणाला. "तू मोकळी. तुझी शाळा हाय, तुझी मंडळी हाय."

शाळा नव्हती. लग्नानंतरच्या वर्षी त्यांच्या वर्गावर दुसरी बाई आली होती. पण ते त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "शब्द मी दिलाय भावजी. बोर्डिंगानं न्हाय दिला."

फादरांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग ठरवलं, पावसाळा संपल्यावर दोन्ही मुलांची परीक्षा घेऊ. प्रार्थना आणि धर्माची प्रश्नोत्तरं त्यांना येत असली तर पहिलं कम्युनियन, म्हणजे वेदीपुढे प्रभूची भाकर, देऊ, मुलं इथेच राहतील. नाही तर पुणे.

रेल्वेची खोली सोडावी लागली. गिरणीच्या भिंतीला लागून एक खोली मिळाली आणि बाई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागल्या. शेजारी नरसम्मा, तेलुगू विणकराच्या घरातली, जिभेने तिखट. रविवारी सकाळी बाई आम्हाला घेऊन निघत तेव्हा ती दारातून ओरडे, "एस्तेरबाई, तुमचा येशू एक, मग देवळं दोन कशाला?"

"ते मोठ्या लोकांना इचार बाई. मला दोनदा चालावं लागतं एवढं खरं."

आणि खरोखर दोनदा चालायच्या. आम्हाला पहाटेच्या मिस्सेला नेऊन सोडत आणि स्वतः बाहेर कडुलिंबाखालच्या दगडावर बसत. फिलिपने एकदा विचारलं, "बाई, तुमी आत का येत न्हाय?" तर म्हणाल्या, "मग चपला कोण राखील?" आम्ही ते खरंच मानलं. आम्हाला वाटे, बाई आहेत म्हणून सबंध देवळाच्या चपला चोरीला जात नाहीत. मग घरी आणून चहा-भाकरी द्यायच्या, केस विंचरून पांढरं लुगडं नेसायच्या आणि त्यांच्या उपासनेला एकट्या जायच्या. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांची पाठ दिसायची. तिथे त्यांच्या शेजारी कोण बसतं, हे आम्ही कधी विचारलं नाही. मिशनच्या देवळात घरंच्या घरं एका बाकावर बसत.

पाळकसाहेब एकदा आले. भले गृहस्थ, छत्री बाहेर टेकवून आत बसले. म्हणाले, मुलांना घेऊन उपासनेला येत जा. शाळेत तुझी जागा अजून देता येईल, मुलांची फी माफ होईल.

"कुणाला दिला आहेस शब्द? जो गेला त्यालाच ना?"

"म्हणून तर," बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. "जिवंत असते तर परत मागून पाहिला असता, पाळकसाहेब."

ते गेल्यावर त्या बराच वेळ नुसत्या ज्वारी निवडत बसल्या. खडा नसलेली ज्वारी पुन्हा सुपात घेऊन निवडत होत्या.

आता जपमाळेचं सांगते. तिथे बाईंची खरी अडचण झाली. आमच्या घरात दिवेलागणीला जपमाळ म्हणायची रीत. माळेच्या प्रत्येक मण्याला एकदा मारियेची प्रार्थना. ती दोन तुकड्यांत म्हणतात: अर्धी म्होरक्या म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे मिळून. बाप होता तोवर म्होरक्या तो. बाप गेल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं माळ घेऊन बसलो आणि सुरुवात कुणी करायची तेच कळेना. बाई चुलीपाशी. मारियेला हाक मारून प्रार्थना करणं त्यांच्या मंडळीत चालत नव्हतं. आणि आम्हाला शिकवायची तर त्यांनीच होती.

त्यांनी पेटीतून आपलं बायबल काढलं. दिव्याजवळ धरून लूकचं शुभवर्तमान चाळत बसल्या. मग बोट एका ओळीवर ठेवलं, पुढे आणखी एका ओळीवर, आणि त्यांचा चेहरा एकदम सुटला.

"ही पयली अर्धी तर देवदूत आन् तिची नातलग अलीशिबा मारियेला बोलली तीच हाय की. जशीच्या तशी हितं. ही मी म्हणती. दुसरी अर्धी विनवणीची, ती तुमची. तुमी म्हणायची."

तसंच झालं. त्या पहिली अर्धी म्हणत, आम्ही दुसरी. त्यांना जी अर्धी म्हणता येत नव्हती ती रीतीप्रमाणे आमचीच होती. माळेला त्यांनी हात लावला नाही. माळ माझ्या हातात, आणि त्या बोटांच्या पेरांवर मोजायच्या. माझ्या मण्यांत आणि त्यांच्या पेरांत कधी चूक निघाली नाही. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय भाविक कॅथलिक घर आहे.

परीक्षेच्या दिवशी आम्ही फादरांपुढे उभे. काका बाजूच्या बाकावर. बाई बाहेर, दार उघडं. मी धडाधडा उत्तरं दिली. फिलिपनेही दिली. जपमाळ बिनचूक. शेवटी फादर म्हणाले, "मुला, आता प्रभूची प्रार्थना म्हण."

फिलिपने म्हटली. शेवटाला आला, आणि थांबायच्या जागी थांबलाच नाही. राज्य, पराक्रम आणि गौरव यांची ओळ त्याने ठणठणीत म्हणून टाकली.

ती ओळ आम्ही कॅथलिक म्हणत नसू. ती मिशनवाल्यांची. म्हणजे त्या लेकराने भर देवळात आपलं घर उघडं करून दाखवलं.

काका उठून उभाच राहिला. "बघा फादर! म्हणलं नव्हतं मी?"

फादरांनी हात वर करून त्याला बसवलं. "मुला, हे तू कोठे शिकलास?"

फिलिपला काही कळेना. "शिकलो न्हाय. बाई पहाटं चुलीम्होरं म्हणत्यात ते ऐकून…"

फादर दारापाशी गेले. बाई दगडावरून उठल्या होत्या.

"तुम्ही शिकवले?"

"न्हाय. ऐकलं त्यानं." मग जरा थांबून, "पण घरात म्हणले मीच की. चूक माझीच."

त्यांनी एकदाही म्हटलं नाही की ती ओळ वाईट कुठे आहे, की माझं माझ्याकडे राहील असं तुम्हीच म्हणाला होता. मी मात्र आज म्हणते. तेव्हा वाद घातला असता तर पोरं गेली असती, आणि हे बाईंना कळत होतं. फादरांनी नाताळपर्यंत मुदत दिली. पुन्हा असं झालं तर बोर्डिंग.

त्या दिवसापासून बाईंनी आपली प्रार्थना घराबाहेर नेली. पहाटे भोंग्याआधी उठून त्या गिरणीच्या भिंतीलगत, जिथे सगळ्यांच्या मोऱ्यांचं पाणी वाहत जायचं, तिथे जाऊन उभ्या राहत. डोक्यावर पदर, हात बांधलेले. मी खिडकीतून पाहिलंय. ओठसुद्धा हलत नसत. थंडीतही तिथेच. नरसम्माला वाटलं बाईंना काही लागीर झालंय. तिने लिंबू-मिरची आणून दिली. बाईंनी लिंबाचं लोणचं घातलं.

आणखी एक गोष्ट थांबली. पूर्वी जात्यावर बसल्या की त्या मंडळीतली गायनं म्हणत. गळा गोड नव्हता, पण घरघरीच्या तालावर तो आवाज अंथरुणात ऐकत पडायला बरं वाटे. तो गेला. नुसतं जातं फिरायचं. फिलिप एकदा म्हणाला, "बाई, गाणं म्हणा की."

"इसरले."

"समदी?"

"समदी. झोप तू."

नाताळाआधी पुन्हा परीक्षा झाली. फिलिप थांबायच्या जागी असा थांबला की पुढे श्वास घ्यायलाही विसरला. फादर हसले. काका जाताना बाईंना म्हणाला, "वहिनी, येतो." एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच त्यांचा निरोप घेतला होता.

कम्युनियनच्या रविवारी फादर स्वतः बाहेर आले आणि कडुलिंबाखाली जाऊन म्हणाले, "बाई, आज आत या. मागे बसा." बाईंनी आमच्या चपलांकडे पाहिलं. मग पदर घेऊन आत आल्या, अगदी शेवटच्या बाकावर टोकाला बसल्या. वेदीकडून परतताना मी त्यांना पाहिलं. सगळं देऊळ गुडघ्यांवर होतं आणि त्यात एकट्या बाई ताठ बसलेल्या. मान मात्र खाली. नंतर काकूने कुजबुज केली, की गुडघे टेकले असते तर काय झालं असतं. मला त्याचं उत्तर माहीत होतं, पण मी दिलं नाही. बाईंचं बाईंकडे.

पुढची वर्षं भरभर गेली. अक्षरं मला बाईंनीच शिकवली होती, पण मिशनच्या शाळेत त्यांनी मला घातलं नाही. कॅथलिक सिस्टर लोकांच्या शाळेत वशिला नसताना खेटे घालून जागा मिळवली. मी मॅट्रिक झाले, पुण्याला कॉलेजात गेले. फिलिप त्याच्या वेडापायी रेल्वेतच शिकाऊ म्हणून दौंडला गेला. घरात बाई एकट्या. सुट्टीत गेलं की विचारायच्या, "मिस्सा चुकत न्हाय न्हवं?" आणि मग कॉलेजचं विचारायच्या. आधी मिस्सा, मग कॉलेज. हा क्रम कधी बदलला नाही.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी न कळवता गाडीत बसले. सोलापूरला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीतून जाताना मागाचे आवाज, कुठे भाकरी थापल्याचे. आमचं दार नुसतं लोटलेलं. मी ढकलणार एवढ्यात आतून बाईंचा आवाज आला आणि मी थांबले.

त्या मारियेची प्रार्थना म्हणत होत्या. पहिली अर्धी. ती संपली आणि त्या गप्प झाल्या. मला वाटलं विसरल्या. तेवढ्यात पुन्हा पहिली अर्धी. पुन्हा गप्प. फटीतून पाहिलं तर दिव्यापुढे दाराकडे पाठ करून बसलेल्या, अंगठा बोटाच्या पेरावर. समोर कुणी नाही. आम्ही जिथे बसायचो तिथे दोन पाट मांडलेले. आमच्या अर्धीला जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ त्या थांबत होत्या आणि मग अंगठा पुढच्या पेरावर सरकत होता.

पुढच्या वेळी त्या थांबल्या तेव्हा दारातूनच मी दुसरी अर्धी म्हटली.

बाईंनी वळून पाहिलं नाही. आवाजही हलला नाही. फक्त पुढची अर्धी सुरू करायला त्यांना जरा वेळ लागला. शेवटच्या मण्यापर्यंत आम्ही तशाच म्हणत राहिलो, त्या आत, मी उंबऱ्यावर. संपल्यावर त्या उठल्या आणि दिव्याची वात सारत म्हणाल्या, "खाकरायचं तरी व्हतं. पाय धू. भाकरी टाकती."

"बाई, मी बी.ए. झाले."

"व्हय? पास?"

"पास."

त्यांनी परातीतून हात काढून माझ्या तोंडावरून फिरवला. हाताला पीठ होतं.

जेवताना मी विचारलं, "एकट्या कशाला म्हणता? तुमच्याकडं तर नसते ही."

"तुमी तिकडं म्हणता का न्हाय, ते मला हितं काय कळणार?" त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "माझी अर्धी मी म्हणून ठेवती. तुमची तुमच्याकडं."

बाईंना मी धडधाकट शेवटचं पाहिलं ते त्या मुक्कामातच. पुढे गिरणीतल्या सुताच्या धुळीने छाती धरली. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे मिशनच्या स्मशानात माती दिली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि प्रभूच्या प्रार्थनेतली शेवटची ती ओळ तिथे सगळे मोठ्याने म्हणाले. लाझरसकाका आला होता. टोपी हातात घेऊन तो मागे उभा होता.

मी आता सिस्टर लोकांच्या शाळेत शिकवते. फिलिप फिटर आहे, त्याला तीन मुलं. तिघांचा बाप्तिस्मा आमच्याच देवळात झाला, आणि दिवेलागणीला त्याच्या घरात जपमाळ होते. बाई शेवटपर्यंत मिशनच्या मंडळीतल्याच राहिल्या, आणि आम्ही दोघं कॅथलिक.